झालं आणि झालंच

१० जानेवारी

प्रिय दादास,

सप्रेम नमस्कार. इकडे आम्ही सगळे, म्हणजे मी आणि खिडकीतली दोन कबुतरं, मजेत आहोत. तुझी पाठ कशी आहे? वहिनी फोनवर म्हणत होती की हल्ली लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना तू पट्टा बांधतोस. बांधत जा. विमानं सोडलीस तरी तुझं वर-खाली काही सुटलं नाही! भाचीबाईंचे पुढचे दात आले का?

झाली विचारपूस. आता मला धीर नाही, म्हणून थेट सांगते. दादा, मी तीन दिवस शाळेत जातेय! मी! जिला तू पाना धरायला शिकवलंस, कारण पुस्तक धरलं की जांभया यायच्या.

झालं असं, की हँगरच्या बोर्डावर कागद लागला: ‘मानवी घटक प्रशिक्षण. सर्वांना सक्तीचे.’ आम्ही पोट धरून हसलो. शिट्टी म्हणाला, “मानवी घटक म्हणजे काय गं? बिस्किटाच्या पुड्यावर लिहितात तसं? मैदा, साखर, माणूस?” (शिट्टी म्हणजे आमचा चाकं-ब्रेकवाला. तू गेल्यावर आला. सदानकदा शीळ घालत असतो.) मला वाटलं, चला, तीन दिवस बसून डुलक्या काढायची सोय झाली.

शिकवायला आल्या एक बाई. पन्नाशीच्या, आखूड केस, आवाज असा की मागच्या बाकावरचा सरळ बसावा. पण मी सरळ बसले ती त्यांची नखं बघून. कडेला जुन्या ग्रीसची ती काळी रेघ, कितीही घासा, जात नाही. म्हटलं, ही आपल्यातली आहे. आणि पहिलंच वाक्य काय म्हणाल्या असतील? “मी एकदा विमानाच्या पंखात माझी बॅटरी विसरले. सात आठवड्यांनी सापडली. तोवर ती नऊ देश फिरून आली होती. मी अजून तीनच पाहिलेत.”

सगळे खो खो हसले. मग त्यांनी शांतपणे सांगितलं, की ती बॅटरी वीतभर पलीकडे पडली असती तर पंखाची हालचालच अडली असती. मग कोणी हसलं नाही.

त्यांनी फळ्यावर बारा शब्द लिहिले. थकवा. घाई. काम मध्येच सोडायला लागणं. ‘नेहमीचंच तर आहे’ असं वाटणं. विचारायचा संकोच. असे बारा. चांगल्या, जाणत्या माणसाच्या हातून चूक होते ती या बारांपैकी कशामुळे तरी होते म्हणे. बाई त्याला ‘चुकांची बाराखडी’ म्हणतात. दादा, मी वहीची अकरा पानं भरली! आपल्याकडे चूक झाली की पहिला प्रश्न ‘कोण?’ असतो. या बाई ‘कोण’ विचारतच नाहीत, ‘कसं झालं’ विचारतात. मला तर कुणीतरी घरातली खिडकी उघडल्यासारखं वाटलं.

आणि काल तर धमाल! बाईंनी एक उभा पंखा आणला, सगळा सुटा केलेला. आमच्या दोन तुकड्या केल्या. पहिलीने अर्धा जोडायचा, घंटा वाजली की हातातलं टाकून बाहेर. दुसरीने उरलेला पुरा करायचा. दोन्ही तुकड्या दारात एकमेकांना भेटतील तेवढंच काय ते बोलणं. शिट्टी पहिल्या तुकडीत, मी दुसऱ्या. आम्ही झपाझप पाती चढवली, पुढची जाळी लावली, बटण दाबलं. पंखा असा थरथरत सुटला की टेबलावरून नाचत नाचत गेला आणि बाईंचा चहाचा ग्लास घेऊन खाली पडला! शिट्टी हसून हसून बाकाखाली. मीही हसले. म्हणजे, हसले असेन.

तसं का झालं ते मोठं मजेदार आहे. पुन्हा कधीतरी सांगेन, आता भूक लागलीय.

मुख्य बातमी तर राहिलीच. आमच्यातल्याच एकाला तयार करून पुढच्या तुकड्यांना शिकवायला उभं करायचं ठरलंय. आणि बाईंनी कोणाला निवडलं असेल? आरशात बघून मी स्वतःलाच तीनदा विचारलं, “आपण?”

हे तुला सगळ्यात आधी सांगावंसं वाटलं. उत्तर नाही आलं तरी चालेल. सवय आहे, तुला न लिहायची आणि मला वाट न बघायची.

वहिनीला नमस्कार, भाचीला पापा.

तुझी धाकटी बहीण, चिमटी

&nbsp;

२४ जानेवारी

प्रिय दादास,

नमस्कार, नमस्कार, नमस्कार!

तुझं कार्ड आलं! पोस्टमनच्या हातातून ओढूनच घेतलं, तो बिचारा घाबरला. पत्ता वहिनीच्या अक्षरात, पण मागची ती एक ओळ तुझी. मायना नाही, सही नाही, ख्यालीखुशाली नाही. “मागच्या जाळीचा नट हाताने फिरवून सोडला असणार, पान्याने आवळला नसणार.” बस्स. सहा वर्षांनी भाऊ बहिणीला लिहितो आणि काय लिहितो, तर पंख्याचा नट! मी हसत हसत रडले, का रडत रडत हसले, कोण जाणे. कार्ड आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलंय.

हो रे, तोच नट. न बघता ओळखलंस. तू ओळखणारच होतास, आणि मी ते तुला अर्धवट का सांगितलं होतं, तेही तू ओळखलं असशील.

तर ऐक. दारात मी शिट्टीला विचारलं होतं, “मागची जाळी झाली का?” तो जाता जाता म्हणाला, “झालंच!” मी वर्गात शिरले आणि सगळ्यांना सांगितलं, “मागचं झालंय, पाती चढवा.” पंखा पडल्यावर बाईंनी विचारलं, कोण काय म्हणालं होतं. शिट्टी म्हणाला, “मी ‘झालंच’ म्हटलं. म्हणजे होत आलंय, एवढा नट आवळला की झालं.” मी म्हटलं, मी ‘झालं’ असं ऐकलं. तर बाई टाळी वाजवून ओरडल्या, “हे बघा! आपली भाषा बघा! घरातून निघालेलो नसतो आणि फोनवर म्हणतो ‘आलोच’. ताट वाढलेलं नसतं आणि म्हणतो ‘बसलोच’. जे व्हायचंय ते आपण झालेलं करून टाकतो. आणि त्यात मधे उरतो तो एक नट!” सगळा वर्ग हसत होता, टाळ्या वाजवत होता. मी पडलेल्या ग्लासाच्या काचा गोळा करत बसले, कारण मला वर बघवेना.

ठरलं होतं की शिकवायला उभं राहणाऱ्याने आधी स्वतःची एक चूक सांगायची, जशी बाईंनी बॅटरीची सांगितली. मी बाईंना सराव म्हणून माझी ती गोष्ट सांगितली, फोरमनच्या बुटावर हातोडा पाडल्याची. रंगवून सांगितली. बाई हसल्या आणि म्हणाल्या, “हा विनोद झाला. चूक सांग.” मी म्हटलं, एवढीच आहे. त्या नुसत्या बघत राहिल्या. तुझ्यासारख्याच.

म्हणून आधी तुला सांगते. तुला सगळं माहीत आहे, तू तिथेच होतास. पण मी माझ्या तोंडाने कधी सांगितलं नाही.

त्या दिवशी तू डाव्या इंजिनावर होतास, तेलाच्या गाळणीचं झाकण बसवत. आठ बोल्ट. आठही हाताने लावलेले आणि त्यातले तीनच पान्याने, खट्ट वाजेपर्यंत आवळलेले. तेवढ्यात फोरमनने हाक मारली. मी तपासणीला आले तर तू शिडीवरून उतरत होतास. मी विचारलं, “दादा, झालं का?” तू म्हणालास, “झालंच!” आणि गेलास.

मी वर चढले. आठ बोल्ट दिसले. पाना लावून एकेक बघायचा असतो, हे मला शिकवलं कोणी? तूच. पण मी पाना काढलाच नाही. तुझ्या कामाला पाना लावायचा म्हणजे मला उद्धटपणा वाटायचा, दादा. सायकलची चेन बसवायला शिकवणारा माणूस तो, त्याचं काय तपासायचं? मी डोळ्यांनी बघितलं आणि कामाच्या कार्डावर ‘तपासलं’च्या चौकोनात शिक्का मारला. वरचा ‘केलं’चा चौकोन तेव्हा रिकामा होता. तेही बघितलं नाही. इंजिनाची दारं लावून टाकली.

तू परत आलास तर दारं बंद, आणि ‘तपासलं’वर माझा शिक्का. तुला वाटलं असणार, चिमटीने उरलेले पाच आवळले, मगच शिक्का मारला. तू ‘केलं’वर शिक्का मारलास. तुझा माझ्यावर विश्वास, माझा तुझ्यावर, आणि पाच बोल्ट तसेच सैल.

एकशे बारा माणसं होती त्या विमानात. तेल गळायला लागलं म्हणून वैमानिकाने एक इंजिन बंद केलं आणि अकरा मिनिटांत परत उतरवलं. कोणाला खरचटलंही नाही. हे वाक्य मी सहा वर्षं स्वतःला सांगत आलेय, औषध घेतल्यासारखं.

आता ते सांगते, जे लिहायला हात थांबतोय. चौकशीत मला विचारलं, “तो काय म्हणाला?” मी म्हटलं, “झालं म्हणाला.” पहिल्यांदा तो ‘च’ आपोआप गळला, देवाशपथ. पण मग लेखनिकाने माझा जबाब वाचून दाखवला. “मी विचारले, झाले का. तो म्हणाला, झाले.” तेव्हा मला स्वच्छ ऐकू आलं की ‘च’ नाहीये. आणि मला हेही कळलं की ‘च’ नसला तर सगळं तुझ्यावर जातं आणि मी सुटते. मी सही केली. समोर तू बसला होतास. तुलाही ऐकू आलं होतं. साहेबांनी तुला विचारलं, “बरोबर आहे?” तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, “ती म्हणते तसंच.”

तुझा परवाना दोन वर्षांसाठी गेला. दोन वर्षांनी तू तो मागायलाही गेला नाहीस. आणि मी? वहिनी दर सुट्टीत बोलावते, “कधी येतेस?” मी दर वेळी म्हणते, “आलेच!” सहा वर्षं मी आलेच आहे.

पुढच्या गुरुवारी माझा पहिला वर्ग आहे. समोर सगळं हँगर असेल, तपासणीचे साहेबही. मी हीच चूक सांगणार आहे. माझा शिक्का काढून घेतील कदाचित. भीती वाटते, पण खरं सांगू, उत्साहच जास्त वाटतोय. वेड लागलंय असं म्हण हवं तर. तू ‘सांगू नकोस’ म्हणालास तरी मी सांगणार, फक्त तुझ्या पाठीमागे सांगायचं नव्हतं.

तुझी बहीण

&nbsp;

६ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार राहू दे, आधी ऐक!

सांगितलं! सगळं! ‘च’सकट!

गुरुवारी सकाळी हँगरच्या कोपऱ्यात बाकं मांडली होती. चाळीस-पन्नास जण, पुढे तपासणीचे साहेब हाताची घडी घालून. मी विमानाच्या चाकाला लावायच्या ठोकळ्यावर बसूनच बोलले. झाकण, तीन खट्ट, पाच सैल, दोन चौकोन, जबाब, सही. बोलून झालं तेव्हा वर पत्र्यावर कावळा चालत होता तोही ऐकू आला. मला वाटलं, आता मला हाकलतात.

तर उठले कोण? फोरमन! तेच आपले जुने फोरमन, पुढच्या महिन्यात निवृत्त होणारे. टोपी काढून म्हणाले, “हाक मी मारली होती. हँगरच्या दारातली गाडी बाजूला घ्यायला. गाडी कोणीही घेऊ शकलं असतं, पण तो पटकन करतो म्हणून मी त्यालाच बोलावलं. चौकशीत मला कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.” दादा, त्यांचे डोळे भरून आले होते. मग भांडारवाला उठला. त्या आठवड्यात तो खट्ट वाजणारा टॉर्कचा पाना एकच होता, दुसरा दुरुस्तीला गेला होता, म्हणून सगळे घाईत होते म्हणाला. मग आणखी एक. एका चुकीला इतके हात लागलेले असतात! सहा वर्षं आम्ही सगळे आपापला तुकडा खिशात घेऊन फिरत होतो, आणि सगळं ओझं तुझ्या एकट्याच्या नावावर. बाई मागे उभ्या होत्या, नुसता खडू हातात फिरवत होत्या.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माझा शिक्का काढून घेतलाय. सध्या तीन महिने, पुढचं चौकशीनंतर. मी ड्रॉवरमधून काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. सध्या मी भांडारात नट मोजते आणि गुरुवारी शिकवते. पण फाईल उघडणार, दादा! माझा नवा जबाब आणि फोरमनचा जबाब जोडून परवाना-कार्यालयाकडे पाठवणार. साहेब म्हणाले, “तुमच्या भावाचंही म्हणणं लागेल. त्या वेळी ते एकच वाक्य बोलले होते.” मी म्हटलं, हो, आणि ते माझ्यासाठी बोलले होते.

आता हँगरमध्ये ‘झालंच’ला बंदी आहे! खरंच! बोर्डावर शिट्टीने मोठ्या अक्षरात लिहिलंय: ‘झालं किंवा नाही झालं. मधलं काही नाही.’ जो ‘झालंच’ म्हणेल त्याने सगळ्यांचे चहाचे कप विसळायचे. पहिल्याच दिवशी साहेब सापडले. फोनवर म्हणाले, “निघालोच!” आणि सगळा हँगर ओरडला. तासभर वाद चालला की ‘निघालोच’ त्यात धरायचं की नाही. धरायचं ठरलं. साहेबांनी बाह्या सरसावून त्या पाळीचे एकोणीस कप विसळले. मी हसून हसून वाकले, या वेळी खरंच हसले.

पण तुझं उत्तर आलं नव्हतं. रोज पोस्टमन दिसला की जिन्यात धावायचे, तो आता मला बघून लांबूनच मान हलवतो. वाटलं, दादाने पत्र फाडलं असेल. त्याचा हक्कच आहे.

मग काल वहिनीचा फोन आला. मी बंदीची गंमत तिला सांगत होते आणि तिने मला मधेच थांबवलं. मग म्हणाली, “अगं, आमच्याकडे तर हे सहा वर्षं आहे.” मी म्हटलं, काय आहे? तर म्हणाली, “घरात कोणी ‘झालंच’ म्हणायचं नाही. पोरगीला अभ्यास झाला का विचारलं तर ‘झालं’ नाहीतर ‘नाही झालं’. मी एकदा स्वयंपाकघरातून ‘झालंच’ म्हटलं तर हे उठून आत आले आणि गॅसवर काय आहे ते बघून गेले. मला कधी कळलंच नाही का ते. विचारलं तर सांगत नाहीत.” आणि मग हेही म्हणाली, की तू माझं दुसरं पत्र फाडलं नाहीस. तुझ्या हत्यारांच्या पेटीत, वरच्या कप्प्यात ठेवलंयस.

फोन ठेवून मी जिन्यातच बसले. दादा, मी तुझं तोंड बघायला लाजत होते आणि तू तिकडे घरबसल्या माझ्याच चुकीची शिकवणी चालवत होतास. तू रागावला असतास तर बरं झालं असतं. तुझं ते गप्प राहणं मला फार जड गेलं, आणि तुलाही गेलं असणार. मला माफ कर. हे मी सहा वर्षांपूर्वी, त्या चौकशीच्या खोलीच्या दारातच म्हणायला हवं होतं.

शनिवारी सकाळच्या बसने येतेय. तिकीट काढलंय, आरशात तुझ्या कार्डाशेजारी खोचलंय. ‘आलेच’ नाही. दहा वाजता बेल वाजेल, ती मीच. वहिनीला सांग, फार काही करू नको. भाचीला सांग, आत्या पंख्याची गोष्ट करून दाखवणार आहे, ग्लास तेवढा दूर ठेव.

सोबत माझ्या नव्या जबाबाची प्रत पाठवते. साहेबांना दिलेली नाही अजून, सोमवारी द्यायचीय. आधी तू वाच. नुसती डोळ्यांनी बघू नकोस, माझं काम आहे म्हणून सोडून देऊ नकोस. एकेका ओळीला पाना लाव. जिथे सैल वाटेल तिथे खूण कर, तुझ्यासमोर बसून आवळेन. खाली दोन चौकोन आखलेत, या वेळी क्रमाने.

केलं: चिमटी

तपासलं: